पंधरा वर्षांच्या अंगाचं माप

माणूस दारातून आत आला की त्याला किती घेराचा सदरा लागेल हे सदरेवाल्या मावशींना टेप न लावता कळायचं. टेप त्या लावायच्या ती समोरच्याच्या समाधानासाठी. चाळीस वर्षं हेच काम. सदरा म्हणजे पारशी, जरथोस्ती माणूस अंगाला लागून घालतो ते पांढरं, पातळ मलमलीचं वस्त्र. नऊ शिवणी आणि गळ्याखाली बोटभर खिसा. दिवसाचं पुण्य त्या खिशात ठेवायचं असतं. "खिसा एवढुसाच का हो?" असं कोणी विचारलं तर मावशी म्हणायच्या, "तेवढा भरला तरी पुष्कळ झालं." कातर उचलण्यापूर्वी एक प्रार्थना, बॉबिन बदलताना एक, आणि दिवसातून पाच वेळा कमरेची कस्ती, म्हणजे लोकरीची पवित्र दोरी, सोडून पुन्हा बांधायची, या नेमात त्यांनी कधी खंड पडू दिला नाही. त्या प्रार्थना म्हणताहेत की टाचण्या मोजताहेत हे नुसत्या ओठांवरून कळायचं नाही.

दर रविवारी सकाळी अग्यारीच्या शेजारच्या दालनात दस्तूरजी तासभर धर्म समजावून सांगत. ऐकायला दहा-अकरा जण, त्यातले दोन डुलक्या घेणारे. दस्तूरजी वयाने तरुण आणि अंगाने भरपूर होते. त्यांच्या सदऱ्याला दीडपट कापड लागतं हे मावशींना ठाऊक होतं, पण त्या ते कोणाला सांगत नसत.

त्या रविवारी विषय जगाच्या शेवटाचा निघाला.

"शेवट म्हणजे मोडतोड नव्हे," दस्तूरजी म्हणाले. "दुरुस्ती. बारा हजार वर्षांचा हिशेब आहे. अहुर मज्दाने चांगलं घडवलं, अंग्र मैन्यूने त्यात विष कालवलं. ते विष पूर्ण निघालं की जग पहिल्यासारखं नवं होईल. सोश्यंत, म्हणजे तारणारा, येईल, मेलेल्यांना उठवील. मातीकडून हाडं परत मागायची, पाण्याकडून रक्त, झाडांकडून केस, अग्नीकडून प्राण. एकेकाला जुळवायचं. सत्तावन्न वर्षं हे काम चालेल."

"एवढं हळू?" मागून कोणीतरी म्हणालं.

"किती माणसं आहेत बघा की! मग डोंगरांमधला धातू वितळून नदीसारखा वाहील आणि प्रत्येकाला त्यातून चालावं लागेल. सज्जनाला कोमट दुधातून चालल्यासारखं वाटेल, दुर्जनाला वितळलेल्या धातूतून चालल्यासारखंच. पण शेवटी दोघंही स्वच्छ होऊन बाहेर पडतील. कोणी मागे राहणार नाही. आणि हो, जी माणसं मोठी होऊन गेली ती चाळीस वर्षांची होऊन उठतील. लहानपणी गेलेली मुलं पंधरा वर्षांची."

"चाळीस?" पहिल्या रांगेतल्या निवृत्त मास्तरीणबाई सरसावून बसल्या. "मग माझे गुडघे?"

"गुडघेही चाळीसचेच, बाई."

सगळे हसले. डुलकी घेणारेही जागे होऊन हसले. मावशी मात्र हसल्या नाहीत. त्यांच्या कानात एकच आकडा अडकून बसला होता, आणि तो चाळीस नव्हता.

लोक पांगल्यावर त्या दस्तूरजींजवळ गेल्या.

"दस्तूरजी, एक विचारू? माणूस गेल्यावर चौथ्या पहाटे आपण त्याच्या नावाने नवे कपडे ठेवतो, ते कशासाठी?"

"मावशी, तुम्हीच तर शिवता ते."

"शिवते हो. तरी सांगा."

दस्तूरजी खुर्चीत नीट बसले. "तीन दिवस आत्मा इथेच घुटमळतो. चौथ्या पहाटे चिनवत पुलावर जातो, तिथे त्याचा निवाडा होतो. त्या वेळी जे कपडे आपण मंत्रून ठेवतो आणि मग दान करतो, तेच उठायच्या दिवशी त्याच्या अंगावर असतात, असं जुन्या ग्रंथात आहे. नाहीतर सगळ्या लोकांत तो उघडा उभा राहील, लाजेल."

"मापाचं काही लिहिलंय?"

"माप?"

"दोन वर्षांच्या मुलासाठी ठेवलेले कपडे पंधराव्या वर्षी कसे होतील?"

दस्तूरजींनी हातातलं पुस्तक मिटलं. मावशींचा मुलगा लहानपणी गेला होता हे त्यांना वडिलांकडून नुसतं ऐकून माहीत होतं. ते म्हणाले, "हे मला कोणी कधी विचारलं नाही. पाहून सांगतो."

"पाहा. घाई नाही," मावशी म्हणाल्या. घाई होती. मुलाची तिथी सव्वीस दिवसांवर आली होती.

त्याला घरात सगळे बटण म्हणायचे. मशीनखाली बसून सांडलेली बटणं गोळा करायचा म्हणून बटण. दोन वर्षं आणि एक महिन्याचा असताना तीन दिवसांच्या तापाने गेला. त्याला अडतीस वर्षं झाली.

मावशींनी त्याचे चौथ्या पहाटेचे कपडे स्वतः शिवले होते. सदरा नव्हता, कारण सदरा नवजोत, म्हणजे धर्मदीक्षा, झाल्यावरच मिळतो आणि नवजोत सात-आठ वर्षांच्या मुलांची करतात. एक कुडतं, एक चड्डी, एक टोपी. लहान मुलांचे कपडे शिवताना कोणताही शिंपी करतो तेच त्यांच्या हातांनी केलं. वाढत्या अंगाला पुरावं म्हणून खाली तीन बोटं कापड आत दुमडून ठेवलं, बाहीला दीड बोट. शिवून इस्त्री करून कपडे पलंगावर ठेवले. तेव्हा नवरा येऊन उभा राहिला. त्याने दुमड उलटून पाहिली आणि म्हणाला, "हे कशाला ठेवलंस? आता कुठे वाढणार आहे तो?"

मावशींनी कातर घेतली, टाके उसवले आणि जास्तीचं कापड कापून टाकलं. अगदी मापात.

त्यानंतर नवऱ्याने बटणचं नाव कधी काढलं नाही. दोन वर्षांनी मुलगी झाली, ती शिकली, नोकरीला लागली, लग्न होऊन चार गल्ल्या पलीकडे राहायला गेली. घरात सगळं बोललं जायचं. हे एवढं सोडून.

रविवारी घरी आल्यावर मावशींनी जेवणं उरकू दिली. नवरा लिफ्टचा मिस्त्री होता, पंचेचाळीस वर्षं लिफ्ट बसवण्यात आणि दुरुस्त करण्यात गेली. सगळी वस्ती त्याला मिस्त्रीच म्हणे. निवृत्त झाल्यावर तो शेजाऱ्यांची कुलपं आणि पंखे दुरुस्त करत बसायचा. आत्ताही एक कुलूप खोलून त्याने पेपरवर मांडलं होतं.

"अहो, आज दस्तूरजी सांगत होते, मोठी माणसं उठतील ती चाळीसची, आणि लहानपणी गेलेली मुलं पंधरा वर्षांची."

मिस्त्रीने कुलपाची स्प्रिंग उजेडात धरली.

"आपण कपडे ठेवले ते दोन वर्षांच्या मापाचे," मावशी म्हणाल्या.

स्प्रिंग पेपरवर आली. "मग?"

"मग काय? मी दुसरे शिवणार आहे. तिथीला ठेवीन. तुम्ही पंधराव्या वर्षी केवढे होतात, तेवढं सांगा."

"कुलपाला तेल लागेल," मिस्त्री म्हणाला आणि तेल आणायला उठला. तेल घरातच होतं, फळीवर, समोर. तो ते आणायला बाजारात गेला आणि दोन तासांनी रिकाम्या हाताने परत आला.

मंगळवारी लेक डोकावली. ती फिजिओथेरपिस्ट होती, दिवसभर लोकांच्या पाठी आणि मानांशी झटापट करायची. मावशींनी तिला सांगितलं तसं तिने आधी ऐकून घेतलं, मग डोळे मोठे केले.

"थांब, थांब. म्हणजे मी चाळीसची आणि दादा पंधराचा?"

"तसंच लिहिलंय."

"मग दादा मला ताई म्हणणार! आयुष्यभर मी धाकटी आणि तिथे गेल्यावर थोरली? आणि तुम्ही दोघंही चाळीसचे. आई, आपण तिघं एका वर्गातले दिसू गं."

मावशींना हसू आलं. ते त्यांनी दोरा तोडण्यात लपवलं.

"आणि तिथे शिंपी नसतील का?" लेक म्हणाली. "एवढे लोक उठणार, त्यात शंभर तरी शिंपी असतील. शिवतील की कोणी त्याला."

"शंभर शिंपी उठतील, पण त्यांच्यासमोर रांग केवढी असेल? आणि तोवर हा काय घालून उभा राहील?"

लेक जरा हळू म्हणाली, "बाबा काय म्हणाले?"

"तेल आणायला गेले."

"अडतीस वर्षांनी अजून?"

"हो, अजून."

लेकीने एक कामाची गोष्ट मात्र सांगितली. दोन वर्षांच्या मुलाची उंची दुप्पट केली की मोठेपणीची उंची साधारण येते. दवाखान्यात सगळे तसाच अंदाज करतात. मावशींनाही ते मापं घेता घेता कधीचं कळलं होतं, फक्त ते बटणला लावून पाहायचं त्यांच्या मनात आलं नव्हतं. लेक गेल्यावर त्यांनी पेटीतून जुनी मापवही काढली. अडतीस वर्षांपूर्वीच्या पानावर, दोन गिऱ्हाइकांच्या मधे, त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं: बटण, उंची ३४, छाती १९, खांदा ८. चौतीस दुणे अडुसष्ट. पूर्ण वाढ अडुसष्ट इंच. पंधराव्या वर्षी त्यातले दोन इंच कमी धरू, असं म्हणून त्यांनी सहासष्ट धरलं आणि जुन्या वर्तमानपत्रावर खडूने नमुना आखायला घेतला.

आखताना एक विचार त्यांच्या मनात येऊन बसला आणि हलेना. हाडं मातीने सांभाळली, रक्त पाण्याने, केस झाडांनी. पण जे माप कधी झालंच नाही ते कोणी सांभाळलं असेल?

शुक्रवारी दस्तूरजी स्वतः आले. दारातून आत यायला त्यांना थोडं तिरकं व्हावं लागलं.

"मावशी, मी पाहिलं. मोठ्या दस्तूरांनाही विचारलं. मापाचं कुठेच काही नाही. पण तिथीला कपडे ठेवायला कोणाची हरकत नाही. कुडतं, पायजमा, टोपी, ठेवा खुशाल. फक्त सदरा ठेवू नका."

"का बरं?"

"बाळाची नवजोत झाली नव्हती. प्रार्थनेत आपण त्याचं नाव लहान बाळ म्हणूनच घेतो. नवजोतीशिवाय सदरा कसा?"

मावशींनी हातातलं काम खाली ठेवलं. त्या कधी आवाज चढवत नसत, आत्ताही चढवला नाही. "दस्तूरजी, पंधरा वर्षं पूर्ण झालेल्याने सदरा-कस्तीवाचून चालणं पाप आहे ना? तीन पावलं चालला तरी पाप. तुमच्या वडिलांनी शिकवलंय आम्हाला."

"आहे."

"मग माझा मुलगा उठला की लगेच पंधराचा. उठल्यावर चालणार तर आहेच, एवढी ती नदी ओलांडायची आहे. म्हणजे अडतीस वर्षं वाट बघून, काहीही वाईट न करता, त्याचं पहिलंच पाऊल पापाचं? जग स्वच्छ झालं त्या दिवशी?"

आतल्या खोलीत पंख्याचं काम चालू होतं. ते थांबलं.

दस्तूरजींनी कपाळ पुसलं. मग म्हणाले, "ठेवा सदरा. कस्तीही ठेवा."

"आणि बांधायची कशी त्याने? शिकलाय कुठे?"

"मावशी, त्या दिवशी आजवरचे सगळे दस्तूर उठणार आहेत. एक तरी रिकामा असेलच. माझे वडीलच असतील, त्यांना तर अशी कामं फार आवडायची." ते उठले आणि दारात पुन्हा तिरके झाले. "आणि नसेल कोणी तर मी आहे. चाळीसचा झालो तरी एवढं करीनच."

ते गेल्यावर मावशींनी हात धुतले, कस्ती सोडून बांधली आणि मलमल उलगडली. नमुना त्यांनी टेबलावर पसरला होता, त्यावर चार बाजूंना चार वजनं. त्या कातर उचलणार एवढ्यात मिस्त्री आतून आला. हातात पेचकस तसाच होता. टेबलापाशी थांबून त्याने कागद न्याहाळला. आयुष्यभर शाफ्टमध्ये ओळंबे सोडलेला माणूस, त्याची नजर वरून खाली सरळ उतरली.

"हे पंधराचं?"

"हो. सहासष्ट धरलंय."

"यात तो बुडेल."

मावशींनी कातर टेबलावर ठेवली.

"अडुसष्ट बरोबर आहे. मी अडुसष्टच होतो, आता जरा आटलो," मिस्त्री म्हणाला. "पण ते सतराव्या वर्षानंतर. आमच्याकडे मुलगे उशिरा वाढतात. माझे वडील तसे, मी तसा. पंधराव्या वर्षी मी कंपनीत शिकाऊ लागलो तेव्हा त्यांच्याकडचा सगळ्यात लहान गणवेश मला दिला होता. त्याची पायाची आतली लांबी तीस इंच, आत शिक्का होता. खालून दोनदा वळायचो, दोन-दोन इंच. फोरमन म्हणायचा, आला बघा पडदा." तो थांबला. "तीसातून चार गेले, सव्वीस. पाय सव्वीस इंचांचे असले तर उंची साठाच्या आसपास. जास्त नाही."

"साठ," मावशी म्हणाल्या आणि खडूने कोपऱ्यात लिहिलं.

"हात मात्र लांब होते. पायांच्या आधी हात वाढले. बाह्या कायम आखूड पडायच्या. हात लांब धर."

"किती?"

"ते कसं सांगू? कोणी मोजले नव्हते."

"मग उभे राहा. ठेवण बघते तुमची. आकडे मी कमी करीन."

मिस्त्रीने पेचकस खाली ठेवला आणि खिडकीसमोर उभा राहिला. मावशींनी टाचण्या ओठांत धरल्या आणि त्याच्या पाठीवर टेप लावली. डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच खाली होता. हे त्यांना माहीत होतं, त्याचे सदरे त्याच शिवायच्या. पण ती सवय अवजारांची पेटी उचलून लागली की जन्माची, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"खांदा असा पहिल्यापासून?" त्यांनी टाचण्यांमधून विचारलं.

"पहिल्यापासून. त्याचाही होता."

मावशींचे हात थांबले.

"मी त्याला खांद्यावर घ्यायचो ना," मिस्त्री खिडकीबाहेर बघत म्हणाला. "डावीकडे घसरायचा. मी म्हणायचो, बेट्या, सरळ बस. पण तो सरळच बसलेला असायचा, खांदाच तसा होता." त्याने श्वास घेतला. "तेव्हा ते मी बोललो. कापडाचं. ते बोलायला नको होतं."

मावशींच्या ओठांत चार टाचण्या होत्या. त्या त्यांनी एक एक काढून उशीला टोचल्या.

"तुम्ही बोललात," त्या म्हणाल्या, "पण कातर मी चालवली."

बाहेर कोणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती चालू होत नव्हती. दोघांनी ती चालू होईपर्यंत ऐकली.

"माप घेऊन काय उपयोग पण," मिस्त्री म्हणाला. "कपडे अंगात बसतील, पण आपण ओळखणार कसं त्याला? पंधराव्या वर्षी कसा दिसला असता, मला माहीत नाही. तुला माहीत नाही. लाखो पोरं असतील तिथे पंधराची."

हा प्रश्न मावशी रविवारपासून स्वतःलाच विचारत होत्या. उत्तर त्यांच्याजवळ नव्हतं. पण आत्ता नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवून उभ्या असताना त्यांनी मनात साधा हिशेब केला, जसा त्या कापडाचा करत.

"आपण किती वर्षांचे उठणार?"

"चाळीसचे ना? तूच म्हणालीस."

"आणि तो गेला तेव्हा तुम्ही किती होतात? चौतीस. मी अठ्ठावीस. चाळिशीत आपण दोघंही फार बदललो नव्हतो, मला तरी पहिला पांढरा केस चव्वेचाळीसला आला. त्याने आपल्याला जसं पाहिलंय, जवळजवळ तसेच असू. आपण नाही ओळखलं तर नाही. तो ओळखेल."

मिस्त्रीच्या पाठीतून मावशींच्या तळहाताला श्वास लागत होता, आधी तुटक, मग सारखा.

"तेव्हा मला मिशी होती," तो शेवटी म्हणाला.

"चाळिशीत होतीच की. पन्नाशीत काढलीत."

"म्हणजे तीही उठेल?"

"झाडांकडून केस परत मागणार आहेत, त्यात मिशीही आली. ती काय मागे ठेवतील?" मावशींनी टेप मनगटापर्यंत ओढली. "आता हात वर करा. काखेचं राहिलंय."